मदत हवी आहे: मुलगी डच शाळेत तोंडच उघडत नाही, शाळा बदलावी का? (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मार्चमध्ये आइंडहोव्हनला आलो. तो वेल्डहोव्हनला कामाला जातो. करार ३ वर्षांचा आहे, पुढे वाढेल असं म्हणतात, पण म्हणण्यावर काय जातंय. मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा.

कागदपत्रांचं विचारत नाहीये, ते निभावलं. जन्मदाखल्यांवर अपॉस्टील, म्हणजे परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, तिकडूनच करून आणलं होतं, त्यामुळे खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदणी होऊन बीएसएन नंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, लगेच मिळाला. घरही मिळालं. जिना इतका उभा आहे की सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, "माळ्यावर राहता का गं?" ताप आला तर डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा म्हणतात, तेही आता अंगवळणी पडलंय.

अडलंय ते लेकीपाशी. ती टालक्लासमध्ये जाते, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांचा भाषावर्ग. साधारण वर्षभर तिथे डच शिकवतात आणि मग नेहमीच्या शाळेत पाठवतात. उन्हाळ्याची ६ आठवड्यांची सुट्टी सोडली तर ५ महिने झाले. बाई प्रेमळ आहेत. त्या म्हणतात, "तिला समजतं सगळं. चित्र काढ म्हटलं की काढते, रांगेत उभी राहते. पण बोलत नाही." म्हणजे एक शब्दसुद्धा नाही. शू लागली तरी हात वर करून दाराकडे बोट दाखवते.

आणि घरी? घरी धबधबा. परवा वरच्या खोलीत भावाला आणि ३ बाहुल्यांना ओळीत बसवून शाळा-शाळा चालली होती. मी जिन्यात थांबून ऐकलं, तर बाहुल्यांना दटावत होती, "झिटन! झिटन!" म्हणजे बस खाली. उच्चार अगदी बाईंसारखा. मग शाळेत काय होतं हिला?

नवरा म्हणतो, सरळ इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालू, इंग्रजी तर येतंच थोडंफार. फी वर्षाला काही हजार युरो, आणि पुढच्या वर्षी धाकट्याचंही तेच. मला पटत नाही, पण रोज तिचं ते मिटलेलं तोंड बघून माझाही धीर सुटायला लागलाय. कुणाच्या मुलांचं असं झालं होतं का? किती दिवस वाट बघायची?

अजून दोन बारीक गोष्टी. डबा तसाच परत येतो. पोळी-भाजीचा रोल उघडला की बाजूचा मुलगा "बाह्!" म्हणजे "शी!" म्हणतो, असं कळलं. आणि फेब्रुवारीत दिराचं लग्न आहे. आम्हाला ३ आठवडे जायचंय. शाळेला नुसतं कळवलं की झालं ना?

प्रतिसाद, आम्स्टलव्हेनहून

ताई, आधी लग्नाचं, कारण तिथे तुम्ही अडकाल. नुसतं कळवून चालत नाही हो. इथे ५ वर्षं पूर्ण झाली की पुढच्या महिन्यापासून शाळा सक्तीची. धाकट्याला कुठेही न्या, लेकीला नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नासाठी काही दिवसांची रजा मिळते, पण आधी मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा लागतो. पत्रिका जोडा, आणि दीर म्हणजे मुलीचा सख्खा काका हे लिहा, त्यांना पत्रिकेवरून नातं कळत नाही. १० शाळेच्या दिवसांपर्यंतचा निर्णय मुख्याध्यापकांचा, त्यापुढे प्रकरण खेमेंटेच्या सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाऱ्याकडे जातं. ३ आठवडे विसरा. आजारी आहे असं खोटं सांगून तर मुळीच जाऊ नका, दंड होतो. माझ्या ओळखीच्यांना विमानतळावर अधिकारी भेटले होते.

तुमच्याकडे दक्षिणेत कार्निव्हलची, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या सणाची, आठवडाभर सुट्टी असते. मुहूर्त तिच्या आसपास बसतो का बघा. भटजींना सांगा, आमचं पंचांग डच आहे.

डब्याचं सोपं आहे. इथे जेवायला १५-२० मिनिटं मिळतात, म्हणून सगळ्यांचा पाव असतो. तूप-साखरेची पोळी घट्ट गुंडाळून द्या. बघणाऱ्याला रॅप वाटतो. भाजी संध्याकाळी ६ वाजता घरी. त्यांचीही गरम जेवणाची वेळ तीच.

प्रतिसाद

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. इथे राहण्याचा परवाना नोकरीवर आहे. ३ वर्षांनी परत जावं लागलं तर डच घेऊन नाशिकमध्ये काय करणार? कंपनीला फीबद्दल विचारा, काही कंपन्या भार उचलतात. भावनेत अडकू नका.

प्रतिसाद, २ मुलांची आई, आइंडहोव्हनच्या जवळच

माझा मोठा ८ महिने गप्प होता. आठ! मला बाईंनी सांगितलं होतं की नवीन भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकतात, साठवतात. तुमची तर बाहुल्यांशी बोलतेय, म्हणजे साठा झालाय. बाईंना हा बाहुल्यांचा किस्सा जरूर सांगा, त्यांना हे माहीतच नसणार. तरीही शाळेत गप्पच राहिली तर मात्र वर्षभर वाट बघत न बसता शाळेकडून तज्ज्ञांची मदत मागा, संकोच करू नका.

आणि घरी डच बोलायला जाऊ नका. मी ती चूक केली. माझं मोडकं डच ऐकून पोरगा मराठीतूनही बोलेनासा झाला. घरात मराठीच ठेवा, गोष्टी मराठीत वाचा. वाचनालयाचं सभासदत्व १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट असतं. तिथून डच चित्रांची पुस्तकं आणा आणि तिलाच तुम्हाला "वाचून" दाखवू दे.

खरी अडचण वेगळी आहे. टालक्लासमधली मुलं गावभरातून येतात, त्यांचीही भाषा वेगळी. तिला खेळायला गल्लीतलं डच पोर हवं. पण आपल्याकडे जसं "काकू, सई आहे का?" म्हणत दार वाजवलं की झालं, तसं इथे फारसं होत नाही. इथे खेळायचंही ठरवावं लागतं, त्याला स्पेलअफस्प्राक म्हणतात. बुधवारी बऱ्याच शाळा लवकर सुटतात, तो वार धरा. शेजारच्या बाईंना सरळ विचारा, बुधवारी तुमची मुलगी आमच्याकडे खेळायला येईल का? या लोकांना सरळ विचारलेलं आवडतं. नको असेल तर नको म्हणतील, राग धरायचा नाही.

पोहण्याच्या क्लासला नाव घातलंत का? प्रतीक्षा यादी मोठी असते, आजच घाला. जिकडेतिकडे कालवे, त्यामुळे पोरांना पोहता आलंच पाहिजे. ए डिप्लोमाला, म्हणजे पोहण्याच्या पहिल्या परीक्षेला, अंगात कपडे आणि पायांत बूट घालून पोहायचं असतं, शिवाय पाण्याखालून पडद्याच्या भोकातून पलीकडे जायचं. तिथे गप्प मुलांनाही ओरडावंच लागतं!

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ३ आठवड्यांनी लिहितेय.

लग्नासाठी अर्ज केला. हळद आणि लग्न पदरात पडेल असं दिसतंय, सत्यनारायण मात्र आमच्याविना होणार. सासूबाई रुसल्या आहेत. तूप-साखरेचा डबा रिकामा येतो. इंटरनॅशनलचा निर्णय वर्षाच्या शेवटापर्यंत पुढे ढकलला, नवरा अजून धुमसतोय.

शेजारणीला विचारलं. बोलताना माझेच हात थरथरत होते. तिने फोन काढला, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी. दीड ते पाच.

तो बुधवार काल झाला. पहिला तासभर दोघी अंगणात एकमेकींकडे बघत नुसत्या उभ्या. मी खिडकीतून बघत बटाटे सोलत होते. मग लेकीची नवी सायकल निघाली आणि त्या मुलीने सरळ हँडल धरलं. आमची बाई किंचाळली, "ने! इक एर्स्ट!" नाही, मी आधी. पूर्ण आळीला ऐकू गेलं असेल. मी हातातला बटाटा तसाच टाकून नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

आता एक शेवटचं विचारते. त्या मुलीला दुपारी नानकटाई दिली, ती तिने ४ खाल्ली. पाचला आई न्यायला आली, मी "चहा घ्या ना" म्हटलं तर ती थोडी गोंधळली आणि नको म्हणाली. माझं काही चुकलं का? आणि पुढचा बुधवार आता तिने विचारायचा की पुन्हा मीच?