पहिली कादंबरी, अनोळखी प्रकार : शोधाशोधीत कथानक कुठे अडलं?

दोन वर्षांपासून मी पहिल्या कादंबरीची जुळवाजुळव करतेय. आजवर लिहिल्या त्या घरगुती कथा, कादंबरी मात्र सुचली पोलीस तपासाची. माझा संशयित चार दिवस लॉकअपमध्ये असतो आणि पाचव्या दिवशी फुटतो, यावर तीन प्रकरणं उभी होती. वकील असलेल्या मावसभावाने वाचून सांगितलं, "ताई, अटकेनंतर चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं." तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवली. आता तिथे एकच रात्र आहे. सकाळी कोठडी मागायची, तर पीएसआयच्या हाती काहीतरी ठोस हवं. ती रात्र लिहिताना पहिल्यांदा वाटलं की हे जमतंय.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं ३०२ कलम जाऊन १०३ आलं. पण कलम ठरतं गुन्हा कधी घडला त्यावरून, फिर्याद कधी नोंदवली त्यावरून नाही. म्हणून मी खून ३० जूनच्या मध्यरात्रीच्या आसपास नेला. वार बारापूर्वी झाले की नंतर, या प्रश्नाने माझी डॉक्टर अख्ख्या कथेच्या मध्यभागी आली. आधी ती फक्त अहवाल देऊन जायची.

तुमचंही लिहा. काय वाचलंत ते सांगू नका. कथानक कुठे मोडलं आणि मग काय केलंत, ते सांगा.

*

मी साताऱ्याचा, बँकेतून निवृत्त. पेशवाईवर लिहायचं म्हणून साठीनंतर मोडी शिकलो. अक्षर लागायला सहा महिने गेले. आधी सलग शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जायचं, त्यामुळे एक शब्द कुठे संपला ते डोळ्याला कळत नाही. पण मी पडलो तो अक्षरात नाही, तारखेत.

एका पत्रावर होतं, "छ ७ जिल्हेज, सीत सबैन मया व अलफ." छ म्हणजे चांद्र तारीख, जिल्हेज हा हिजरी महिना. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे मराठी दफ्तरात वापरत त्या सुहूर कालगणनेचं सन ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतं असं टिपून ठेवलं होतं, म्हणून १७७५ लिहिलं आणि पुढे गेलो. पण हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. जिल्हेज त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पडतो. म्हणजे पत्र १७७६ चं.

एका वर्षाने काय बिघडतं? सगळंच. राघोबादादा आणि इंग्रजांचा सुरतेचा तह मार्च १७७५ चा, पुणे दरबार आणि इंग्रजांचा पुरंदरचा मार्च १७७६ चा. मी कादंबरीतल्या माझ्या जासुदाला, म्हणजे पत्र नेणाऱ्याला, राघोबादादा इंग्रजांशी तह करण्याआधीच्या काळजीत धावडवत होतो. खरं तर तो लढाईनंतर थकलेल्या मुलखातून चालला होता. त्याची चाल, त्याचं बोलणं, वाटेतल्या गावांनी त्याला भाकर देणं न देणं, सगळं पुन्हा लिहिलं. अशी पत्रं बघणाऱ्यांनी वर्षाआधी महिना वाचावा, ही हात जोडून विनंती.

*

नारायणगावजवळ शिक्षिका आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना बघतच मोठी झाले, म्हणून विज्ञानकादंबरी. मंगळावरची मुलगी आणि खोडदची आई फोनवर भांडतात, असा प्रसंग होता. मंगळाहून संदेश यायला अंतराप्रमाणे साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात. भांडण होईना! मग दोघींना एकमेकींना निरोप ठेवायला लावलं. आईचा राग मुलीपर्यंत पोचेतो आई निवळलेली असते. कादंबरी तिथूनच सुरू करते आहे.

आणि संकोच वाटत असेल त्यांच्यासाठी : जयंत नारळीकरांनीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने.

*

मी मुंबईत वाढले, आजोळ वेंगुर्ल्याकडे. भयकादंबरी लिहायची म्हणून आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदैवत वेताळाला, भुतांचा राजा करून टाकलं होतं, कारण वाचलेल्या गोष्टींत वेताळ तसाच असतो. मामीला आराखडा वाचून दाखवला. तिने मला देवळात नेलं. वेतोबाला वाहिलेल्या चामड्याच्या वहाणा तिथे होत्या, माझ्या हातभर लांबीच्या. मामी म्हणाली, "अगो, तो भूत नाय, तो आमचो राखणदार. रातचो गावात फिरता, म्हणान तेच्यो व्हाणो झिजतत." ती हे जराही आवाज न बदलता बोलली, शेजारच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

घरी येऊन आराखडा फाडला. आता माझ्या गावात वेतोबाची भीती कुणालाच नाही. पहिल्या प्रकरणात पुजारी पहाटे दार उघडतो आणि वहाणा काल ठेवल्या तशाच, कोऱ्या असतात. दुसऱ्या दिवशीही कोऱ्याच.