सांगलीवरून इमॅजिका, दोघंच, मंगळवार ते गुरुवार सुट्टी – कसं बसवायचं?

कृष्णाकाठ_९५

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं सांगलीचे, लग्न याच मे महिन्यात झालं. ह्यांची नोकरी साखर कारखान्यात आहे त्यामुळे एकदा गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत सलग सुट्टी मागायची सोय नाही, आणि लग्नानंतर लगेच घरात आजारपण निघालं म्हणून हनिमून वगैरे काही झालंच नाही. आता दसरा झाल्यावर दिवाळीच्या आधी मंगळवार-बुधवार-गुरुवार सुट्टी मिळतीय. महाबळेश्वर, पन्हाळा लहानपणापासून बघितलंय, दोघांनाही एकदा मोठ्या थीम पार्कला जाऊन मनसोक्त राईड्स करायच्यात, म्हणून खोपोलीजवळचं इमॅजिका ठरवतोय.

आता शंका. ते अजून नीट चालू आहे ना, कारण मधे तोट्यात आहे असं ऐकलेलं. हे म्हणतात बुलेटवर जाऊ, मला दिराची वॅगनार बरी वाटते. थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात होतं का? राहायचं कुठं? मला घाटात गाडी लागते, तर राईड्स झेपतील का? आणि सासूबाई म्हणाल्या तिकडं जाताय तर पालीच्या गणपतीला जाऊनच या, ते जमेल का. एकूण बजेट 15 हजार, थोडं वरखाली चालेल. प्लीज नीट सांगा, एवढीच सुट्टी आहे आणि ती वाया जाऊ द्यायची नाहीये.

अजिंक्यतारा_पायथा

अभिनंदन दोघांचं. मी सातारचा, पुणे-मुंबई रोडवर सारखं जाणं येणं असतं म्हणून रस्त्याचं सांगतो. बुलेट विसरा. एक्सप्रेसवेवर टू व्हीलरला बंदी आहे, तुम्हाला जुन्या हायवेने लोणावळा-खोपोली असं घाटातनं जायला लागेल, आणि सांगलीपासून तीनशेच्या वर किलोमीटर बाईकवर बसून दुसऱ्या दिवशी रोलर कोस्टर म्हणजे पाठीचं वाटोळं. वॅगनारच न्या. जाऊन येऊन साधारण सव्वासहाशे किलोमीटर धरा, 18 चं ॲव्हरेज पडलं तर पस्तीस लिटर पेट्रोल, वर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर आणि एक्सप्रेसवेचा टोल, फास्टॅगमध्ये बॅलन्स भरून ठेवा.

पार्क चालू आहे, काळजी करू नका. 2013 ला सुरू झालं, नंतर कर्जात गेलेलं हे खरं, पण 2022 ला संगमनेरच्या मालपाणी ग्रुपनं घेतलं. फक्त बुकिंगच्या आधी वेबसाईटवर आपली तारीख टाकून बघा, त्या दिवशी पार्क चालू आहे ना ते कळेल आणि मधल्या वाराचं तिकीटही शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं.

तुमची वेळ एक नंबर निघालीय बरं का. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीसुद्धा शाळांच्या सहलीच्या बस लागलेल्या असतात, एकेका राईडला पोरांचीच लाईन. ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा असते, सहली नसतात, आणि मंगळवार-बुधवार म्हटल्यावर मुंबई-पुण्याची वीकेंडची गर्दी पण नाही. ह्या तारखा हातच्या सोडू नका.

राईडवेडी_विश्रामबाग

ताई मी सांगते कारण मला ह्या पार्कचं अक्षरशः वेड आहे 😊

पहिलं म्हणजे दोन्ही पार्क एका दिवसात अजिबात करू नका. तिकिटं वेगळी, वॉटर पार्कमध्ये कपडे बदला, लॉकर घ्या, पुन्हा सुकवा, यातच वेळ जातो आणि दोन्हीकडं अर्धवट राहतं. वॉटर पार्कला नायलॉनचाच कॉस्च्युम लागतो, कॉटनचा टीशर्ट किंवा ड्रेस चालत नाही, तो खर्च वेगळाच. तुम्हाला राईड्स करायच्यात ना, मग बुधवारचा पूर्ण दिवस थीम पार्कला द्या. मंगळवारी सकाळी सांगली सोडायची, आरामात लोणावळ्याला मुक्काम, बुधवारी गेट उघडायच्या आधी तिथं हजर. पार्कला लागूनच मोठं हॉटेल आहे पण ते तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, लोणावळ्याला मधल्या वारी चांगल्या खोल्या बऱ्याच कमी रेटला मिळतात, किंवा अजून स्वस्तात हवं तर खोपोलीत लॉज बघा.

आता महत्त्वाचं. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस असतो आणि तो बहुतेक दुपारनंतर गडगडाटासह येतो, विजा सुरू झाल्या की बाहेरच्या मोठ्या राईड्स थांबवतात. म्हणून आत शिरल्या शिरल्या फोटो काढत बसायचं नाही, सरळ नायट्रो ही मोठी रोलर कोस्टर गाठायची. सव्वाशे फुटाच्या वर उंची आणि पाच वेळा उलटं करते. ही फ्लोअरलेस आहे, म्हणजे सीटवर बसलात, खांद्यावरून लॉक खाली आलं की पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय नुसते लोंबकळतात. मग साखळीवर खडखड करत वर चढते, समोर फक्त आभाळ आणि बाजूला सह्याद्रीच्या रांगा, त्या वेळी शेजारच्याचा हात आपोआप धरला जातो. सकाळी लाईन कमी असताना जमलं तर दोनदा करा, एकदा पुढच्या रांगेत आणि एकदा मागच्या, दोन्हीकडं वेगळं वाटतं. त्यानंतर बाहेरच्या बाकीच्या, गोल्ड रश एक्सप्रेस, स्क्रीम मशीन हे सगळं जेवणाच्या आधी संपवा.

दुपारी ऊन असो नाहीतर पाऊस, आतल्या एसी राईड्स. आय फॉर इंडिया चुकवू नका, मोठ्या पडद्यासमोर पाय अधांतरी ठेवून आपण देशभर उडतोय असं वाटतं, आणि ती दोघांनी शेजारी बसून करायचीच राईड आहे. अलिबाबामध्ये बंदुकीने टार्गेट मारायचे असतात, तिथं नवऱ्याशी पैज लावा. डीप स्पेस पण इनडोअर आहे पण ती अंधारातली कोस्टर आहे, झटक्यात सुटते, तेव्हा जेवण झाल्या झाल्या करू नका. राजासौरसची बोट शेवटी ठेवा कारण भिजायला होतं. आणि तो डायनासोर पार्कवाल्यांच्या कल्पनेतला नाहीये हं, राजासौरस नावाचा मांसाहारी डायनासोर खरंच आपल्या देशात होता, गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला ते नाव दिलं गेलं. मला हे कळल्यापासून ती राईड अजूनच आवडते.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आत महाग आहे, त्यामुळे सकाळी पोटभर नाही पण नीट नाश्ता करून जा आणि दोघांच्या खाण्याचे पैसे बजेटमध्ये आधीच बाजूला काढा. पायात घट्ट बसणारे बूट घाला, चप्पल नको. मंगळसूत्र मोठं असेल तर घरी ठेवून छोटं घाला, उलट्या राईडमध्ये लांब माळ तोंडावर येते.

मिरज_जंक्शन

मी जरा वेगळं सुचवतो. मिरजेवरून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, रात्रभर झोपा आणि सकाळी बंगळूर. तिथं म्हैसूर रोडला बिडदीजवळ वंडरला आहे, एकाच तिकिटात राईड्स आणि वॉटर पार्क दोन्ही होतं, स्वतःचं रिसॉर्ट पण आहे. गाडी चालवायची दगदग नाही, टोल नाही, घाट नाही. मिरज-सांगलीवाल्यांना हे सुचतच नाही, सगळे पुण्या-मुंबईकडंच बघतात.

राईडवेडी_विश्रामबाग

@मिरज_जंक्शन पार्क खूपच छान आहे यात वाद नाही, पण दसऱ्याच्या आसपास कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी असते आणि म्हैसूर दसऱ्यामुळे त्या रोडला तुफान गर्दी. शिवाय स्टेशनवरून बिडदीला जायलाच शहराचं ट्रॅफिक पार करायचं. तीन दिवसांत दोन रात्री रेल्वेत जाणार, आणि पहिल्यांदाच दोघं बाहेर पडतायत तर एक रात्र तरी निवांत मिळू दे की ओ त्यांना. फेब्रुवारीत कुणी जाणार असेल तर मी पण वंडरलाच सांगेन.

माई_तासगाव

बाळा, मी तुझ्या सासूच्या वयाची असेन, म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नको. नवीन लग्न आहे, दिवस गेलेले असायची जरा जरी शक्यता असेल तर जायच्या आधी घरी टेस्ट करून घे. गरोदर बाईला अशा राईडमध्ये बसायचं नसतं, तिथं बोर्डावरही लिहिलेलं असतं. सुट्टी परत मिळेल.

गाडी लागण्याचं म्हणशील तर घाटात पुढच्या सीटवर बस, मोबाईल बघू नको, लांब रस्त्याकडं नजर ठेव. गोळी घ्यायची तर डॉक्टरना विचारून प्रवासाच्या आधी घे, नंतर उपयोग नाही, आणि तिनं झोप येते हे लक्षात ठेव. माझ्या सुनेला मोठ्या पाळण्यात काही झालं नाही पण पडद्यासमोरच्या हलणाऱ्या खुर्चीत मळमळलं, कारण डोळ्याला वेग दिसतो आणि अंग जागच्या जागी असतं. तसं वाटलं तर सरळ डोळे मिटून घे. आणि एखादी राईड नको वाटली तर नाही म्हण, नवऱ्याने आग्रह करू नये, बाहेर उभं राहून हात हलवण्यातही मजा असते.

कृष्णाकाठ_९५

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, ह्यांना पण वाचून दाखवलं, बुलेट कॅन्सल 😄 माई, तुमचं मनापासून पटलं, अजिबात राग नाही. आता ठरलं ते असं की मंगळवारी सकाळी निघून लोणावळा, बुधवारी पूर्ण दिवस पार्क, वॉटर पार्क नाही. एकच राहिलं, गुरुवारी पाली करून रात्रीपर्यंत घरी पोचता येईल का? ह्यांना शुक्रवारी सकाळी ड्युटी आहे.

अजिंक्यतारा_पायथा

येईल, पण बुधवारचा मुक्काम परत लोणावळ्याला नको, खाली खोपोलीतच करा. इमॅजिका खोपोली-पाली रोडवरच आहे, त्याच रस्त्याने पुढं पाली. गुरुवारी पहाटे लवकर उठून बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या, मधला वार असल्यामुळे फार वेळ जाणार नाही, संकष्टी तेवढी त्या दिवशी नाही ना बघा. उशीर झालाच तर पाली सोडा आणि महडच्या वरदविनायकाला जा, ते खोपोलीच्या जवळ आहे आणि अष्टविनायकातलंच आहे, सासूबाई नाही म्हणणार नाहीत.

दहा-साडेदहाला पाली सोडलीत तर दुपारचं जेवण पुणे ओलांडून, खंबाटकी उजेडात, आणि संध्याकाळी पेठ नाका. तिथून पुढं इस्लामपूर-सांगली अंधारात शक्यतो नकोच. हंगामाच्या तोंडावर रिकाम्या डबल ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागलेले असतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. तुमच्या मिस्टरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला कुणीतरी सांगायला लागतं. कराडच्या आसपास अंधार पडलाच तर दहा मिनिटं थांबून चहा घ्या आणि मग सावकाश जा.