खेड्यातल्या किरायदाराला लेखी कागद नको काय?

रानजाई (धागा सुरू करणारी):
दारव्हा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी तीन वर्षं किरायानं राहिले. नोकरी आरोग्य खात्यात, कंत्राटी. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या, महिना २,५०० रुपये, लाईटचा सबमीटर वेगळा, आणि मार्चपासून जूनपर्यंत कूलरचे ४०० वरून. किराया एकदाही थकवला नाही. यंदा एप्रिलमध्ये निरोप आला, पोराचं लग्न निघालं, अक्षय तृतीयेच्या आत खोल्या मोकळ्या करा. हातात दहा दिवस. ५,००० अ‍ॅडव्हान्स दिला होता, त्यातले ३,००० रंगाचे म्हणून कापले. मी राहायला गेले तेव्हा त्या भिंतींना चुनासुद्धा नव्हता!

भांडणार कशाच्या जोरावर? पावती नाही, कागद नाही, पैसे नेहमी रोख.

माझ्या शेजारी एक शिक्षिका राहायच्या. त्यांची गोष्ट आणखी मजेची. मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहता याला ग्रामसभेचा ठराव आणा, असा २०१९ चा शासन निर्णय आहे, घरभाडे भत्ता त्यावर. ठरावासाठी लोक विचारतात, राहता कुठं ते दाखवा. घरमालक म्हणतो, लिहून काही देणार नाही. म्हणजे राहूनही न राहिल्यासारखंच.

माझं म्हणणं एवढंच आहे: ग्रामपंचायतीनं किरायदारांची नोंदवही ठेवावी, साधा लेखी करार असावा, दरमहा पावती मिळावी आणि घर सोडायला किमान दोन महिने द्यावेत. यात जास्त काय मागितलं?

जुना वाडा:
ताई, तुमच्यासंगं वाईटच झालं. रंगाचे पैसे कापणं तं चुकलंच त्या माणसाचं. पण घरमालक कागदाले काहून भेतो, तेही ऐका.

आमच्या आज्याची पाच एकर जमीन कुळाच्या नावावर गेली. मी ते पाहिलं नाही, पण लहानपणापासून जेवताना ऐकत आलो. आता ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हंजे घराच्या कराचा उतारा, काढून पाहा. त्यात मालकाचा रकाना वेगळा, भोगवटादाराचा, म्हंजे घरात राहणाऱ्याचा, वेगळा. उद्या तुमच्या त्या नोंदवहीतून कोणाचं नाव उचलून भोगवटादारात टाकलं, तं आमी कोर्टाच्या पायऱ्या चढाच्या काय? बारा वर्षं राहिला का घर त्याचं, असं सारं गाव म्हणते.

आणि कूलरचे ४०० तुमाले जास्त वाटतात. मे महिन्यात नळाले दिवसाआड पाणी येते. तुमचा कूलर रोज दोन-तीन गुंड पाणी पिते. ते भरते कोण?

काळी दौत:
मी तालुक्याच्या कोर्टात दस्त लिहायचं काम करतो. वरच्या भाऊंच्या मनात दोन वेगळे कायदे एकत्र झाले आहेत. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ घरमालकांचं हेच होतं.

विदर्भाचा कूळ कायदा १९५८ चा, आणि तो शेतजमिनीचा. राहत्या खोलीशी त्याचा संबंध नाही. बारा वर्षांची गोष्टही तशीच. मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी ताबा, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून ठेवलेला ताबा, ठरत नाही, मग तो बारा वर्षं राहो की तीस. पण परवानगीनं राहत होता हे सिद्ध कशानं कराल? कागदानंच. म्हणजे ज्या भीतीपोटी मालक कागद टाळतो, त्या भीतीवर औषध तो कागदच आहे.

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा, करार नोंदवायला ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये फी, नगरपरिषद हद्दीत १,०००. मुद्रांक शेकड्यामागे पाव रुपया. घरी बसून अंगठा आणि फोटो देऊन ऑनलाइन होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटींबद्दल किरायदार सांगेल ते आधी खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाकडे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे स्टॅम्पवाल्याच्या टपरीवरचं ज्ञान आहे, ते सोडा.

आता ताईंना न आवडणारी गोष्ट. हा १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या शहरां-गावांपुरता लागू आहे. जिथं तो नाही तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याच्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या किरायाला १५ दिवसांची नोटीस पुरते.

जुना वाडा:
म्हंजे कायदा १५ दिवस देते आन त्या मालकानं १० देले. पाच दिवसांसाठी एवढा धागा!

रानजाई:
भाऊ, नोटीस आणि मागच्या दारातून आलेला निरोप एक नसतो. आणि १५ दिवस पुरतात असं कायदा म्हणत असेल, तर तो कायदाच खेड्यासाठी लिहिलेला नाही. शहरात माणूस पुढच्या गल्लीत खोली पाहतो. इथं पुढची खोली पुढच्या गावात असते.

काळी दौत:
ताईंचं बरोबर आहे. एक जुनी आठवण सांगतो, विषय थोडा सुटेल. १९९९ च्या कायद्याआधी विदर्भात मुंबईचा भाडे कायदा नव्हता. आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. तो लागू असलेल्या गावांत नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. तो आदेश गेला. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत नको, असं त्यात आहे, पण तो नमुनाच. राज्यानं स्वीकारला तरच कामाचा.

पऱ्हाटीचा शेंडा:
माझा विरोध आहे, आणि मी घरमालक नाही. पुसदला तीन वर्षं रूम करून शिकलो, म्हणजे किरायदारच.

आमच्या गावात किरायानं द्यायच्या खोल्या मोजून सहा. दोन महिन्यांची मुदत, नोंदवही, फी असं लावलं, तर दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा बंद होतील. दिवाळीनंतर त्यात कापूस भरतील. कापूस नोटीस मागत नाही, कूलर लावत नाही, भाव आला की आपला आपण जातो. खाज तेवढी सुटते घरात. इथं कोणी किरायाच्या धंद्यासाठी घर बांधत नाही, पोरगा पुण्याला गेला म्हणून खोली रिकामी असते. तिला शहराचे नियम लावले तर मालकापेक्षा किरायदारच जास्त मरेल.

भाकरतुकडा:
सगळे कागदावर बोलत आहेत. मी त्याच्या आधीचं बोलतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नेमणूक झाली तेव्हा गावात चार घरी खोली विचारायला गेलो. पहिला प्रश्न नोकरी कोणती, दुसरा आडनाव काय. आडनाव सांगितल्यावर एका घरी बहीण माहेरी येणार होती, दुसऱ्या घरी खोलीची दुरुस्ती निघाली. तिसऱ्यानं निदान तोंडावर सांगितलं. चौथ्या घरी गेलोच नाही. तेव्हापासून रोज तालुक्याहून ३८ किलोमीटर जाणं आणि ३८ येणं. त्याच गावच्या ग्रामसभेत माझ्याविरुद्ध तक्रार झाली की सर मुख्यालयी राहत नाहीत.

नोंदवही जरूर ठेवा. पण त्यात नाकारलेल्यांचाही रकाना ठेवा.

जुना वाडा:
सर, यावर मी काही बोलत नाही. आमच्या गावातही हे होते. माझ्या घरी झालं नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आईच्या काळात झालं.

पऱ्हाटीचा शेंडा:
सरांच्या प्रश्नाला कराराचं उत्तर नाहीच. तिथं सरकारनंच घर बांधलं पाहिजे. कर्मचाऱ्यांची कितीतरी निवासस्थानं पडीक आहेत, छपरावर पिंपळ उगवलेत. ती नीट केली तर आडनाव विचारायला घरमालकच उरणार नाही.

रानजाई:
मान्य. पण योजना पाहा. घरकुलाला अनुदान मिळतं, तेही स्वतःचं घर बांधायला. परवडणाऱ्या किरायाच्या घरांची योजना केंद्रानं २०२० मध्ये काढली, ती शहरांसाठी. खेड्यात कोणी किरायानं राहतं हेच सरकारच्या गावी नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यावर हंगामापुरती येणारी कुटुंबं, नर्स, बँकेतले पोरं, हे सगळे राहतात कुठं?

आणि शेंडा भाऊ, खोल्या बंद होतील ही भीती मलाही आहे. म्हणून दंड नको म्हणते मी. दोन पानांचा छापील नमुना ग्रामपंचायतीत ठेवा, फी माफ करा. दोन महिन्यांवरही अडून बसत नाही. पण शाळा सुरू असताना आणि पेशंट असताना दहा दिवसांत नको.

जुना वाडा:
फी माफ असंन आन त्या कागदावर 'भोगवटादार नाही' असं ठळक छापलं असंन, तं मी सही करतो. दोन महिने नाही, एक. लग्नाची तारीख दोन महिने आधी निघते कुठं आमच्यात?

काळी दौत:
तसं छापता येईल. मसुदा मी करून देतो, ग्रामसभेत मांडायचं काम तुमचं.

जुना वाडा:
आता राहता कुठं ताई?

रानजाई:
दोन गावं पलीकडे, एका आजीकडे. वहीच्या पानावर लिहून घेतलं, आजीनं अंगठा दिला, मी सही केली.

जुना वाडा:
कूलरचे किती घेते आजी?

रानजाई:
काहीच नाही. फक्त तिच्या खोलीच्या खिडकीत लावायचा, अशी अट आहे.