तैलचित्रात माणूस बोलता कसा करावा?

नगरची_नात: सगळ्यांना सलाम. आमचे आजोबा नगरकडे चर्चचे पाळक होते. त्यांचं तैलचित्र करतेय, २४ बाय ३० इंच, उभं. हाताशी एकच फोटो, स्टुडिओतला. ओठ मिटलेले, हात मांडीवर. आजोबा असे कधीच नव्हते! उपदेशाचं पहिलं वाक्य इतकं हळू बोलायचे, की मागच्या बाकावरची माणसं पुढे वाकायची. तोंड उघडं काढून पाहिलं, तर दात दिसले आणि ते ओरडताहेत असं वाटलं. सगळं खरवडून टाकलं. काय करू?

ऐलतीर: ताई, मी बर्लिनला असतो. इथल्या गेमेल्डेगॅलरी या चित्रसंग्रहालयात डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४१ सालचं कॉर्नेलिस आन्स्लोचं चित्र आहे. आन्स्लो म्हणजे ॲम्स्टरडॅमचा कापडव्यापारी आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा नामांकित उपदेशक. टेबलावर गालिचा, उघडं पुस्तक, मेणबत्त्या. त्याचे ओठ जेमतेम विलग झालेत. बोलतो तो हात, काळोखातून सरळ आपल्या अंगावर येणारा. पण मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा उभा राहिलो ते त्याच्या बायकोसमोर, आल्ट्येसमोर. हातात रुमाल, मान किंचित कललेली. ती ऐकतेय, म्हणून तो बोलतोय हे पटतं.

जुनी_पॅलेट: याच आन्स्लोवर व्हॉन्डेल या डच कवीच्या चार ओळी आहेत. रेम्ब्रांटला तो सांगतो, कॉर्नेलिसचा आवाज रंगव. दिसतं ते त्याच्यातलं सगळ्यात थोडं, त्याला पाहायचं असेल तर ऐकावं लागेल. तुमची अडचण पावणेचारशे वर्षं जुनी आहे, धीर सोडू नका. दात अजिबात काढू नका. दोन ओठांमधली रेघ काळी नको, गडद तांबूस घ्या, आणि रंग ओला असतानाच ओठांच्या कोपऱ्यांवरून कोरडा मऊ ब्रश हलकेच फिरवा. कड विरली की ओठ हलल्यासारखे वाटतात. हात मात्र मांडीवरून उचला. फोटोत नसला तरी घरात कुणाचा तरी हात त्यांच्यासारखा असेलच, त्याला समोर बसवा.

नगरची_नात: काकांचा हात अगदी तसाच आहे, करंगळी जरा वाकडी. काल त्यांना दीड तास बसवलं. ते म्हणाले, आजी कायम बायकांच्या पहिल्या बाकावर बसायची आणि उपदेश संपेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. हे मला माहीतच नव्हतं. उभा कॅनव्हास बाजूला ठेवलाय. उद्या आडवा ताणून घेते, दोघांसाठी.