मुरगूड भागातल्या टर्कींची जनुकीय विविधता: आरएपीडी करू की मायक्रोसॅटेलाइट?

मृगाचा_पाऊस यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरात एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मामाकडे मुरगूडजवळ टर्की आहेत, २ नर आणि २० माद्या. सुरुवातीची जोडी वडगावच्या बाजारातून आणलेली, पुढची पिल्लं घरच्याच मशीनवर उबवलेली. ब्राँझ, पांढरे, राखाडी आणि काळे अशा चार रंगांचे पक्षी आहेत आणि मामा छातीठोकपणे सांगतो की ह्या चार जाती आहेत.

प्रबंधासाठी प्रत्येक रंगाचे ५ पक्षी घ्यायचे, आरएपीडीचे १० प्रायमर (डीएनएवर जिथे जुळतील तिथे चिकटणारे छोटे तुकडे) लावायचे, जेलवर दिसणारे पट्टे म्हणजे बँड मोजून नात्याचं झाड काढायचं, असं ठरवलंय. गाइडनी होकार दिला, कारण आमच्या लॅबमध्ये अगारोज जेल सोडून फार काही नाही. पण सीनियर म्हणतात आता आरएपीडीचं कोणी छापत नाही, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) कर. तिसरा म्हणतो थेट एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक). बजेट माझं आणि मामाचं मिळून जेवढं, तेवढंच. ज्यांनी पक्ष्यांवर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगावं. रक्त किती लागतं, तेही सांगा. मामी म्हणते इंजेक्शन दिलं की अंडी बंद होतात.

---

शाहूपुरीकर

अगं, मार्कर (फरक दाखवणारी डीएनएतली खूण) कुठला ही भांडणं नंतर. आधी हे ठरव की तू मोजणार काय आहेस. तुझ्या आराखड्यात रंग म्हणजे जात हे गृहीत धरलंय आणि तिथेच सगळं अडतंय. रंगावरून टर्कीची जात ठरवणं म्हणजे फेट्याच्या रंगावरून पैलवानाची तालीम ओळखणं.

टर्कीचा रंग मोजक्या जनुकांवर ठरतो. पांढरा रंग अप्रभावी आहे, म्हणून दोन ब्राँझ आईबापांच्या पोटीही पांढरं पिल्लू निघू शकतं. राखाडीचं जनुक प्रभावी. राखाडी नर दुसऱ्या रंगाच्या मादीवर घातलास तर एकाच उबवणीत राखाडी आणि बिनराखाडी सख्खी भावंडं मिळू शकतात. मामाच्या मशीनमधून नेमकं हेच बाहेर पडत असणार. अमेरिकेत जे प्रकार अधिकृत मानले जातात, त्यातले बरेचसे ब्राँझ, नॅरागन्सेट, व्हाइट हॉलंड, ब्लॅक, स्लेट असे रंगावरूनच नोंदले गेले. हे पाच अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या १८७४ च्या पहिल्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे मान्य जातींच्या पुस्तकात, आले. बर्बन रेड १९०९ मध्ये आणि रॉयल पाम तर १९७१ मध्ये. पण तिथे त्या रंगाचे कळप पिढ्यान् पिढ्या वेगळे पाळले गेले, त्यामुळे रंगामागे थोडाफार वंशही उभा राहिला. मुरगूडच्या शेडात सगळे एकाच जाळीत आहेत.

दुसरी गोष्ट, पाळीव टर्कीत मुळातच विविधता कमी आहे. मेक्सिकोत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा पक्षी माणसाळला, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला, तिथून वसाहतवाल्यांबरोबर परत अमेरिकेत गेला आणि पूर्वेकडच्या रानटी टर्कीशी त्याचा संकर झाला. प्रत्येक बोटीवर मूठभर पक्षी चढले, म्हणजे प्रत्येक वेळी चाळणी लागली. पुढे रुंद छातीच्या पांढऱ्या पक्ष्याने बाजार खाल्ला आणि बाकीचे प्रकार इतके आटले की १९९७ मध्ये अमेरिकेत जुन्या प्रकारांची गणना झाली तेव्हा पैदाशीचे पक्षी दीड हजारही भरले नाहीत. टर्कीचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा नकाशा, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जीनोमभर एसएनपी शोधणाऱ्या कामात कंपन्यांनी पैदास केलेल्या व्यावसायिक वाणांची विविधता इतर पाळीव प्राण्यांपेक्षा कमीच दिसली. त्या कामात तुलनेला १८९९ साली दक्षिण मेक्सिकोत गोळा केलेले संग्रहालयातले पक्षी घेतले होते. मला ही कल्पना फार आवडते: शंभर वर्षांपूर्वीच्या वाळक्या कातडीतून डीएनए काढून आजच्या फार्मला विचारायचं, तुझ्याकडचं काय काय गेलं?

प्रस्तावनेत तुला मोह होईल तो आधीच सांगते. जहांगीरच्या दरबारात १६१२ मध्ये टर्की पोचली ती गोव्याहून, आणि त्याचा दरबारी चित्रकार मन्सूर याने तिचं चित्र काढलं. गोवा आपल्याला घाट उतरलं की लागतं, म्हणून ‘कोल्हापुरी टर्कीचा चारशे वर्षांचा वारसा’ असलं काही लिहू नकोस. मामाच्या पक्ष्यांचा त्या टर्कीशी संबंध जोडायला तुझ्याकडे काडीचाही पुरावा नाही.

आता मार्कर. आरएपीडीमध्ये बँड दिसतो किंवा दिसत नाही. बँड देणाऱ्या पक्ष्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत की एकच, हे कळत नाही. म्हणजे हेटेरोझायगोसिटी (आईकडची आणि बापाकडची प्रत किती ठिकाणी वेगळी आहे) थेट मोजताच येत नाही आणि तुझा खरा प्रश्न तोच आहे. शिवाय पीसीआरच्या मिश्रणातलं मॅग्नेशियम जरा इकडेतिकडे झालं की जेल बदलतं. ‘कोणी छापत नाही’ हे कारण मी देणार नाही. तुझ्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, हे कारण पुरेसं आहे.

१० ते १२ मायक्रोसॅटेलाइट घे. दोन्ही अॅलील, म्हणजे आईकडून आणि बापाकडून आलेली रूपं, दिसतात. पण अगारोजवर चालवू नकोस. सीए-सीए अशा जोडीच्या पुनरावृत्तीत दोन अॅलीलमध्ये दोनच बेसचा फरक असू शकतो आणि अगारोज तो दाखवणार नाही. पीसीआर तुमच्याकडे कर, रंगीत टॅगचे प्रायमर वापर आणि लांबी मोजायला नमुने कॅपिलरी सीक्वेन्सर असलेल्या ठिकाणी बाहेर पाठव. खर्च तिथे जाईल. एसएनपी चिप तुझ्या बजेटमध्ये बसणार नाही आणि बावीस पक्ष्यांसाठी ती आणूही नये.

रक्ताची भीती सोड. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे दोन-चार थेंबांत भरपूर डीएनए मिळतो. पंखाखालच्या शिरेतून पशुवैद्याकडून काढून घ्यायचं, इडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत ठेवायचं. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, नमुने नंतर. मामींना सांग, अंडी बंद होत नाहीत. पण माद्या धरताना सकाळी पळापळ केलीस तर शिव्या खाशील, आणि त्या रास्त असतील.

---

आजऱ्याचा_घनसाळ

बाईंनी रंगाचं सांगितलं ते पटलं. माझ्याकडं ब्राँझच्या अंड्यातनं पांढरी पिल्लं निघाली तवा बायको म्हणाली मशीन बदललं का काय कुणी.

मी शास्त्रज्ञ न्हाई, पण एक इचारतो. ताई, तुमच्या मामाकडं पिल्लं निघायचं प्रमाण कसं हाय? माझी टर्की मी नाताळाच्या आधी आंबोलीमार्गे गोव्याला लावतो, तवा अंड्यांचा हिशेब वहीत असतो. गेल्या काही उबवण्यांत २८ दिवस पुरे झाले तरी कवचातच मेलेली पिल्लं वाढली. डॉक्टर म्हणाले आर्द्रता बघा. बघितली. मग शेजारच्या गावातल्या दोस्ताचा नर आणून घातला तर फरक पडला. आता हे जनुकाचं का मशीनचं, मला ठाऊक न्हाई, पण आमच्या पट्ट्यात नर सगळे एकमेकांकडनंच फिरत्यात. म्हणजे दोस्ताचा नरबी माझ्याच जुन्या नराचा नातू असंल!

तुम्ही तपासणार असाल तर माझ्याकडचेबी घ्या. पैसे नकोत, फक्त कुठला नर कुणाचा सख्खा हे सांगा म्हणजे झालं.

---

बेंच_ते_बांध

घनसाळदादांनी न कळत प्रबंधाचा विषय देऊन टाकला. ‘कुठली जात’ हा प्रश्न सोड, ‘या पट्ट्यातले नर किती वेगळे’ हा घे.

मामाच्या कळपाचं गणित बघ. प्रभावी संख्या म्हणजे ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. २ नर आणि २० माद्या असतील तर १६० भागिले २२, म्हणजे ७.३. पक्षी बावीस, पण जनुकांच्या हिशेबात सातच. अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात पैदास) दर पिढीला साधारण ७ टक्क्यांनी वाढतं. बाहेरून नर आला नाही तर तीन पिढ्यांत १९ टक्क्यांच्या आसपास. दादांच्या कवचात मेलेल्या पिल्लांमागे हे कारण असू शकतं, आर्द्रताही असू शकते. नर २ चे ५ केले तर संख्या १६ होते. माद्या कितीही वाढव, नर दोनच ठेवलेस तर आकडा ८ च्या पुढे जातच नाही.

यावरून नमुने कसे घ्यायचे तेही ठरतं. रंगानुसार पाच-पाच नकोत. कागल, आजरा, गडहिंग्लज अशा गावागावांतून प्रत्येक कळपाचे सगळे नर आणि वेगवेगळ्या उबवणीतल्या थोड्या माद्या घे, एकूण २५ ते ४० पक्षी. सख्खी भावंडं माहीत असतील तर एकच घे. जनुकांवरून पक्ष्यांचे गट पाडणाऱ्या स्ट्रक्चर सॉफ्टवेअरला नात्यातले पक्षी दिलेस की ते कुटुंबालाच गट समजून सुंदर रंगीत पट्ट्या काढतं, आणि परीक्षेत कोणी विचारलं की हे कुटुंब आहे की जात, तर उत्तर नसतं. तुलनेला बाहेरचा संदर्भ हवाच. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कारी विराट किंवा चेन्नईची नंदनम टर्की-१ या टर्की घे. ही दुसरी काळ्या देशी आणि बेल्ट्सविल स्मॉल व्हाइट (छोटी पांढरी अमेरिकन जात) यांच्या संकरातून आली, म्हणून ‘काळा पक्षी म्हणजे शुद्ध देशी’ म्हणणाऱ्यांसाठीही उपयोगी. तुझ्या गाइडच्या सहीने पत्र पाठव.

दोन सापळे. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांत पक्ष्यांची मादी झेडडब्ल्यू असते, नर झेडझेड. झेड गुणसूत्रावरचा मार्कर घेतलास तर प्रत्येक मादी एकाच अॅलीलची दिसणार आणि अंतःप्रजनन आहे त्यापेक्षा जास्त भासणार. प्रत्येक मार्कर कुठल्या गुणसूत्रावर आहे ते जीनोमवर आधी तपास. दुसरा सापळा, कोंबडीचे प्रायमर. बरेच टर्कीत चालतात, पण दोन्ही पक्षी काही कोटी वर्षांपूर्वी वेगळे झालेत. प्रायमर एखाद्या अॅलीलवर बसला नाही तर तो पक्षी खोटाच होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या असलेला) दिसतो. शक्यतो टर्कीतूनच शोधलेले मार्कर घे.

एखादा नर सगळ्याच मार्करना होमोझायगस आला तर आधी डीएनए पुन्हा काढून बघ. गमतीची गोष्ट म्हणजे टर्कीत याला एक खरं कारणही आहे: अमेरिकेतल्या बेल्ट्सविलच्या संशोधन केंद्रात १९५० च्या दशकात ऑलसन या संशोधकांना नराशिवाय घातलेल्या अंड्यांत भ्रूण वाढताना दिसले, आणि त्यातून जी थोडी पिल्लं निघाली ती सगळी नर होती. पण मुरगूडमध्ये हे सापडलं असं जाहीर करण्याआधी मला फोन कर.

---

मृगाचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार. गाइडना दाखवलं, ते म्हणाले आरएपीडी सोड, पण २५ च्या वर नमुने नकोत, सीक्वेन्सरचं बिल बघून त्यांना घाम आला. मामाला चार जाती नाहीत हे सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही. ७.३ चा आकडा सांगितल्यावर मात्र लगेच विचारलं, नर कुठं मिळंल.

घनसाळदादा, तुमच्याकडचे नर कधी घेता येतील? शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकणारी माझी मैत्रीण आणि तिचे सर रक्त काढायला यायला तयार आहेत.

---

आजऱ्याचा_घनसाळ

नाताळाचा माल जाऊ दे. जानेवारीत या. पैदाशीला ठेवलेले पाच नर हायेत, पायात रंगीत कड्या घालून ठेवतो. कुठला कुणाकडनं आणला ते वहीत हाय, तुमच्या मशीनचं आन् माझ्या वहीचं जुळतंय का बघू. मामालाबी संगट आणा, एक नर बदलून घेऊ. पण आधी रिपोर्ट येऊ दे, न्हाईतर पुन्हा नातूच पदरात पडायचा.

---

शाहूपुरीकर

वहीचे फोटो आधी मागून घे. रक्त काढताना कडीचा रंग आणि नळीचा नंबर एकाच माणसाने लिहावा, दोघांनी नाही.