विषय: अनेक आजारांवरचं संशोधन – रुग्णांची साथ हवी

नमस्कार मंडळी,
आमचा गट एकाच माणसाला असलेल्या दोन किंवा अधिक जुनाट आजारांवर अभ्यास आखतो आहे. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा असं काहीतरी मिळून ज्यांना आहे, त्यांना आम्हाला पहिल्या बैठकीपासूनच सोबत घ्यायचंय. इच्छुकांनी कळवा.

---

डॉक्टर, मला चार आजार आहेत, पण मी पडलो हिशेबनीस. संशोधनातलं मला काय कळणार? रक्त-लघवी तपासायला हवी असेल तर जरूर देतो.

---

काका, रक्त नको, तुमचं मत हवंय. नव्या औषधांच्या चाचण्यांत अनेक आजार असलेल्यांना बरेचदा घेतच नाहीत. मग एकेका आजारासाठी ठरवलेले उपचार एकाच माणसावर येऊन पडतात. २००५ मध्ये अमेरिकेत डॉ. सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच आजार असलेली ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली आणि प्रत्येक आजाराचे नियम तिला लावून पाहिले. औषधं निघाली १२! शिवाय पथ्यं, व्यायाम, तपासण्या वेगळ्याच. ते रोज निभवायचं कसं, हे तुमच्याइतकं आम्हाला माहीत नाही.

---

डॉक्टर, काकू लिहितेय. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियमची तिच्यापासून चार तास लांब. यांची लघवीची गोळी सकाळी, म्हणून दुपारपर्यंत हे घराबाहेर पडत नाहीत. कुठे जायचं असलं की गुपचूप ती गोळीच चुकवतात. दवाखान्यात विचारलं तर ‘औषधं नियमित चालू आहेत’ म्हणून सांगतात. हे तुमच्या अभ्यासात कुठे मोजणार?

---

काकू, अगदी हेच हवं होतं! आमच्या कच्च्या आराखड्यात साखर आणि रक्तदाबाचे आकडे आहेत, घराबाहेर पडता येतं का हा प्रश्नच नाही. तो घालायचा की नाही, हे ठरवताना तुम्ही दोघंही बैठकीत हवेत, आणि तुमचं मत आमच्याइतकंच धरलं जाईल. वेळेचं मानधन आणि प्रवासखर्च मिळेल. स्वतःचे रिपोर्ट दाखवायची गरज नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, तुमच्या उपचारांवर त्याचा काही परिणाम होणार नाही. काका, गोळी मात्र परस्पर चुकवू नका. तिची वेळ बदलता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

विचारतो. बैठकीचे कागद आधी पाठवा, आणि अक्षर मोठं ठेवा. आम्ही दोघं येतो.