चौथीच्या वर्गात हातकागद: ताव जाळीवरून उतरताना फाटतो

चौथी_ब
४० मुलं, ३५ मिनिटांचे सलग दोन तास. जुन्या वह्यांच्या कागदाचा लगदा मिक्सरमधून काढला आहे, लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकली आहे. ताव मधे जाड, कडेला विरळ येतो आणि कापडावर पालथा घालताना फाटतो. पाणी किती, लगदा किती? कारखान्यातला कागदही समजावायचा आहे, तो कसा जोडावा?

लगदाबादली
मधे जाड म्हणजे जाळीला झोळ आहे. पाणी झोळात साचतं आणि तंतू तिथेच बसतात. जाळी ओली करून ताणा, दोन-दोन सेंमीवर पिना मारा. बोटाने टिचकी मारल्यावर डफासारखी वाजली पाहिजे.

प्रमाण: १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम सुका कागद. वहीच्या अर्ध्या पानाएवढा ताव साधारण ५ ग्रॅम तंतू उचलतो, म्हणजे पाच ताव काढले की टबातला पाव भाग लगदा संपला. तिथे २५ ग्रॅमचा लगदा घालून हाताने ढवळायचं, नाहीतर पुढच्या मुलांचे ताव विरळ होत जातात. ४० मुलांना २०० ग्रॅम लागतो. वाया जाणारा धरून २५० भिजवा, आदल्या रात्रीच.

मिक्सरमध्ये मूठभर कागद, पाऊण भांडं पाणी, २० ते ३० सेकंद. जास्त फिरवलं तर तंतू तुटून आखूड होतात आणि ताव ठिसूळ निघतो. मासिकांचे गुळगुळीत कागद नकोत. त्यांच्यावर खनिज मातीचा लेप असतो.

फाटण्याचं कारण बहुतेक कापड. ते कोरडं असेल तर ताव त्याला धरत नाही, जाळीलाच चिकटून राहतो. जुनी सुती चादर भिजवून पिळून घ्या. चौकट एका कडेवर टेकवून पालथी घाला, जाळीच्या पाठीवरून स्पंज दाबत पाणी टिपा, मग एका कडेने हळूहळू उचला. सरळ वर ओढलीत की गेलाच ताव.

कसबेकर
उद्योगाचा भाग तंतूंच्या दिशेवरून शिकवा, मुलांना हातात धरून कळतो. वर्तमानपत्र उभं फाडायला लावा, मग आडवं. एकीकडे पट्टी सरळ फाटते, दुसरीकडे वेडीवाकडी. कारखान्यात सुमारे ९९ टक्के पाणी असलेला लगदा धावत्या जाळीवर पडतो, त्यामुळे बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेनेच लागतात. तुमच्या चौकटीला अशी एकच दिशा नाही, म्हणून मुलांचा ताव कसाही फाडा, कड दातेरीच येते. चौकट वर काढताना मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे हलवायची ती यासाठीच, तंतू एकमेकांत गुंततात.

बांबू-लाकडातला लिग्निन हा तंतूंना चिकटवणारा घटक. कारखान्यात तो कॉस्टिक सोडा वगैरे रसायनांत शिजवून काढतात. वर्गात ते फक्त सांगायचं, कॉस्टिक आणायचं नाही. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन राहतो, म्हणून उन्हात ते पिवळं पडतं. अर्धं झाकून आठवडाभर खिडकीत ठेवा, मुलं स्वतःच बघतील.

जुन्नर एकेकाळी कागदासाठी नावाजलेलं होतं आणि पुण्यातल्या कसबा पेठेतला कागदीपुरा हे नाव कागद करणाऱ्यांचंच. पुण्यातच शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद होतो. सहल नेण्याआधी फोन करून विचारा.

गणितताई
१६ ए-४ ताव म्हणजे जवळजवळ १ चौरस मीटर. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक ए-४ ताव म्हणून साधारण ५ ग्रॅमचा. मुलांना आधी हे काढू द्या, मग २५० ग्रॅमला किती कागद भिजवायचे ते तीच सांगतील: ५०.

चौथी_ब
पावसात वाळवणं? आणि शाईचं काय?

लगदाबादली
कापडासकट ताव थरावर थर रचा, वर फळी, फळीवर मुलाला उभं करा. मग वेगवेगळे करून पंख्याखाली दोरीवर. ओलसर राहिले तर दुसऱ्या दिवशी कापडावरूनच इस्त्री फिरवा. तसेच राहू दिले तर बुरशी धरते.

शाई पसरू नये म्हणून १० लिटरला दोन चमचे कॉर्नफ्लोअर आधी पाण्यात शिजवून, खळ पारदर्शक झाली की लगद्यात. कच्चं घातलं तर पाण्याबरोबर निघून जातं.

उरलेला लगदा बेसिनमध्ये कधीच ओतू नका, पाइप तुंबतो. फडक्यातून गाळा, पिळून गोळे वाळवा, पुढच्या वेळी भिजवून वापरा. गाळलेलं पाणी झाडांना.